बाळाला ऐकू येतं का, हे कळायला एवढा उशीर का होत आला?

बडोद्यातल्या मराठी घरात मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की कारणं तयारच असतात. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की गुजराती, नर्सरीत इंग्रजी, मग पोर गोंधळणारच. नाहीतर, 'याचे बाबाही उशिराच बोलले.' आजी वेखंड उगाळून जिभेला लावते. यात माया खूप असते, पण सगळ्यांचं लक्ष जिभेवर आणि कान तपासायचे राहून जातात. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून कुठलंही मूल मुकं राहत नाही. बडोद्यातली निम्मी मराठी पिढी याची साक्ष देईल.

ही चूक घरांपुरतीच नव्हती. बहिरेपण ओळखायची खूण शतकानुशतकं एकच होती: मूल बोलत नाही. त्यामुळे ते कळायचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, नाहीतर थेट शाळेच्या वयात. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५च्या सुमारास निघाली, कलकत्त्याची १८९३ साली. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही सातव्या वर्षापासून. भाषा रुजायची सर्वात महत्त्वाची वर्षं तोवर निघून गेलेली असत.

तान्ह्या मुलाचे कान तपासायची पद्धत बसवली ती मँचेस्टरच्या आयरिन आणि अलेक्झांडर युइंग यांनी, १९४४ साली. मूल आईच्या मांडीवर. एक जण समोर खेळणं दाखवून त्याचं लक्ष धरून ठेवतो आणि मग खेळणं झाकतो. त्याच क्षणी दुसरा जण मागून, मुलाला दिसणार नाही अशा जागी, कानाच्या रेषेत हलका आवाज करतो. मूल वळलं का, एवढंच पाहायचं. आपण घरी थाळी वाजवतो तेव्हा यातलं काहीच पाळलं जात नाही. हात हलताना दिसतो, हवेचा झोत लागतो, जमिनीतून हादरा जाणवतो. शिवाय थाळीचा दणका अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलालाही कळतो. त्याला 'स', 'श', 'फ' कळत नाहीत आणि बोलणं तिथेच अडतं. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं. घरच्यांना शंका यायला जागाच नसते.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हरला मॅरियन डाउन्स यांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या तपासणीचा आग्रह धरला. पण साधनं कच्ची होती. म्हणून पुढे जोखमीची यादी आली: घरात कुणी बहिरं, कमी वजन, कावीळ फार चढलेली, गरोदरपणी आईला रुबेला. त्या यादीतून जेमतेम निम्मी मुलं सापडत, कारण बाकीच्यांच्या बाबतीत काही वावगं दिसतच नाही. कोंडी फुटली लंडनच्या डेव्हिड केम्प यांच्या १९७८च्या शोधाने. निरोगी अंतर्कर्ण आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय बारीक प्रतिध्वनी बाहेर टाकतो, हे त्यांनी दाखवलं. आजची ओएई तपासणी त्यावरच चालते. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं रबरी टोक बसवतात, आणि काही मिनिटांत पडद्यावर 'पास' किंवा 'रेफर' (म्हणजे पुन्हा तपासा) येतं. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला मात्र बेरा तपासणीही हवी, म्हणजे आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे पाहणारी; कारण कान ठीक असून नस संदेश पोचवत नाही, असंही होतं.

१९९८ साली कोलोरॅडोतल्या अभ्यासाने वयाचा मुद्दा पक्का केला: सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. त्यातूनच आजचा हिशेब रुळला. एका महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि प्रशिक्षण.

भारतात म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ची. बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ साली काही जिल्ह्यांत सुरू झाला. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण समाविष्ट झालं. म्हणजे वाट आहे. माणसं गळतात ती 'रेफर'च्या चिठ्ठीपाशी. घरी येऊन थाळी वाजवली जाते, बाळ दचकतं आणि चिठ्ठी फाइलमध्ये जाते. 'रेफर' म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही, कानात ओल किंवा मळ असला तरी ते येतं. पण पुन्हा तपासल्याशिवाय ते कळणार कसं? आणि 'पास' झालेल्या मुलाची श्रवणशक्ती मेंदूज्वराने किंवा आनुवंशिक कारणाने नंतर कमी होऊ शकते. शंका आली की वय न बघता परत तपासून घ्यावं.

एक जुनी हानी अजून भरून यायची आहे. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत मिलानला १८८० साली भरलेल्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला आणि बोलायला शिकवण्याच्या हट्टात मुलांच्या कित्येक पिढ्या कुठल्याच भाषेशिवाय वाढल्या. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आपल्याकडे २०१५ साली झाली, तिचा पहिला शब्दकोश २०१८ साली, सुमारे ३,००० शब्दांचा. यंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायचं उपकरण) बसवायचं ठरलं, तरी त्याची वाट पाहताना जाणारे महिने मुलाने भाषेविना का काढावेत, हे मला पटत नाही. खुणा शिकल्याने मूल बोलायचं थांबतं ही भीती निराधार आहे. आई-आजीने पहिल्या दिवसापासून हातांनीही बोलायला सुरुवात करावी.