थेंब टाकल्यावर डोळ्याचा कोपरा का दाबायचा?

काचबिंदूचा (बहुधा डोळ्यातला दाब वाढून नजर हळूहळू जाते, त्या आजाराचा) थेंब टाकून झाला की सिस्टर सांगतात, 'आजी, डोळे मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा.' दोन-तीन मिनिटं तसंच बसायचं. घाईतल्या पेशंटला हा फुकाचा सोपस्कार वाटतो. ही सूचना आली ती औषधाने दगा दिल्यानंतर.

काचबिंदूवर थेंबांचा उपचार १८७०च्या दशकात सुरू झाला. १८७६ मध्ये लुडविग लाकर या नेत्रतज्ज्ञांनी फायसोस्टिग्मिन वापरलं; त्यांना स्वतःलाही काचबिंदू होता. औषध आलं होतं आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागातल्या एका विषारी बीपासून. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला तिथे ती बी खायला घालत! लगोलग पायलोकार्पिन आलं आणि पुढची शंभर वर्षं त्याचंच राज्य राहिलं. त्याचा त्रास पेशंटला लगेच कळायचा: बाहुली बारीक, दिवेलागणीनंतर अंधुक, भुवईवर ठणका, शिवाय दिवसातून चार वेळा थेंब.

१९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांना मान्यता मिळाली तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. बाहुली जशीच्या तशी, थेंब दिवसातून दोनदा. पण थोड्याच काळात दम्याच्या पेशंटना धाप लागल्याच्या, नाडी मंदावल्याच्या नोंदी येऊ लागल्या. काही जण दगावले. कारण साधं होतं. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, तेवढा डोळ्यात मावतच नाही. उरलेलं औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथल्या अस्तरातून थेट रक्तात जातं. गोळी गिळली तर औषधाचा बराच भाग यकृतात निकामी होतो. इथे ती चाळणीच नाही. थॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की डोळे मिटून कोपरा दाबला तर रक्तात जाणारं औषध बरंच कमी होतं.

तरी खरी अडचण पेशंटच्या उत्तरात असते. 'कुठली औषधं चालू आहेत?' या प्रश्नावर बीपीची, शुगरची गोळी सांगितली जाते. थेंब कुणी औषधात धरतच नाही. म्हणून जाणत्या सिस्टर वेगळं विचारतात: दमा आहे का, चक्कर येते का, डोळ्यात काही टाकता का? माझ्या मते पूर्ण समुपदेशनात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा.

लाली-खाज शमवणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांचा धोका तर अजून छुपा. १९५०च्या दशकात हे थेंब डोळ्यांसाठी वापरात आले. पुढच्या दशकात आर्मली आणि बेकर या नेत्रतज्ज्ञांच्या अभ्यासांतून दिसलं की काही आठवडे ते टाकले तर साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत काहीच नाही, उलट लाली आणि खाज थांबते, त्यामुळे बाटली सोडवत नाही. आपल्याकडे तर जुनी चिठ्ठी दाखवून किंवा तीही न दाखवता केमिस्टकडून थेंब आणणं सर्रास चालतं. अ‍ॅलर्जीने उन्हाळाभर डोळे चोळणाऱ्या मुलांच्या आईबापांना 'घरातली बाटली घेऊन या' असं सांगतात ते याचसाठी.

१९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाने रात्री एकच थेंब पुरेसा केला, आणि दुष्परिणामही चेहऱ्यावर आणले: पापण्यांचे केस लांब होतात, पापणीची कातडी काळवंडते, घाऱ्या-हिरवट डोळ्यांत बुबुळाचा रंग गडद होतो. औषध एकाच डोळ्यात चालू असेल तर हा फरक आरशात चटकन दिसतो. आधी कुणी सांगितलं नसेल, तर पेशंट डॉक्टरांना न विचारताच थेंब बंद करतो.