स्तनकर्करोग : केमोला मिळालेला प्रतिसाद

गाठ मोठी असेल किंवा रोग काखेत पोहोचला असेल, तर पुष्कळदा आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठेवतात. गाठ जागेवर असल्याने औषध लागू पडते की नाही हे मोजता येते. गाठ आधीच काढून टाकली, तर मोजायला काही उरत नाही.

तयारी पहिल्या डोसआधीच करावी लागते. सोनोग्राफीत पाहून गाठीत धातूची बारीक क्लिप बसवतात; काखेतील ग्रंथीत रोग सापडला असेल, तर शक्यतो तिच्यातही. गाठ विरघळून गेली, तर नेमका कोणता भाग काढायचा हे सर्जनला आणि कुठले तुकडे पाहायचे हे पॅथॉलॉजिस्टला क्लिपवरूनच कळते. ही पायरी चुकली, तर नंतर भरून निघत नाही.

केमो चालू असताना गाठ हाताने तपासून मोजतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. हाताचा अंदाज दोन्ही बाजूंनी फसतो: मेलेल्या पेशींच्या जागी व्रणासारखा टणक भाग राहतो, आणि विखुरलेल्या जिवंत पेशी बोटांना लागत नाहीत. मॅमोग्राफीतले कॅल्शियमचे ठिपके रोग गेल्यावरही दिसू शकतात. एमआरआय त्यातल्या त्यात अचूक, तरी तिचा शब्द अंतिम नाही.

निकाल लागतो तो काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत. स्तनात आक्रमक (नलिकेबाहेर पसरलेला) कर्करोग नाही आणि काखेतील ग्रंथीही स्वच्छ, याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. रोग फक्त दुग्धनलिकेच्या आत राहिला असेल, तरी सहसा पूर्ण प्रतिसादच धरतात. रोग उरला असेल, तर गाठीच्या जागेची लांबी-रुंदी, त्यातील कर्कपेशींचे प्रमाण, बाधित ग्रंथींची संख्या आणि ग्रंथीतील सर्वांत मोठ्या ठिपक्याचा आकार यांवरून ‘आरसीबी’ (उरलेल्या कर्करोगाचे माप) श्रेणी काढतात, १ ते ३; ० म्हणजे पूर्ण प्रतिसाद. तुकडे कमी तपासले, तर ‘पूर्ण प्रतिसाद’ खोटा ठरू शकतो.

ट्रिपल निगेटिव्ह (पेशींवर हार्मोनचे दोन्ही ग्राहक नाहीत आणि हर-टू प्रथिनही वाढलेले नाही) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हे प्रथिन वाढलेले) प्रकारांत हा निकाल पुढच्या धोक्याबद्दल बरेच सांगतो. रोग उरला म्हणजे सगळे फसले असे मुळीच नाही; उलट त्यामुळे पुढचे औषध ठरते. हर-टू प्रकारात बहुधा ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन या औषधाचे १४ डोस, ट्रिपल निगेटिव्हमध्ये बहुधा कॅपेसिटाबिनच्या ६ ते ८ फेऱ्या. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) प्रकारात पूर्ण प्रतिसाद मुळातच क्वचित मिळतो. तिथे खरी भिस्त ५ ते १० वर्षांच्या हार्मोनविरोधी गोळ्यांवर.

उपचार संपल्यावर ‘आता शरीरात काहीच नाही’ असे ठामपणे सांगणारी चाचणी नाही. दरवर्षी मॅमोग्राफी आणि नियमित शारीरिक तपासणी पुरते. काही त्रास नसताना पेट स्कॅन किंवा रक्तातील मार्कर (कर्करोगाची खूण असू शकणाऱ्या पदार्थांची) चाचणी करत राहिल्याने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. पण हाडातले न थांबणारे दुखणे, धाप, नवी गाठ किंवा विनाकारण घटलेले वजन दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.