दीर्घिकांची स्वगती

विश्वाच्या प्रसरणामुळे दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात. त्याखेरीज आसपासच्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रत्येक दीर्घिकेला जी वेगळी गती येते, ती तिची स्वगती. प्रसरणात दोन दीर्घिकांमधले अवकाशच वाढत असते. स्वगतीत दीर्घिका खरोखरच त्या अवकाशातून सरकते. दीर्घिकेचा वेग तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या यावरून मोजतात. वर्णपट मात्र दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात देतो, आणि निरीक्षकाची डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

प्रसरणाचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो : दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किमी. स्वगतीला असा नियम नाही. ती सहसा सेकंदाला काहीशे किमी असते, दाट दीर्घिकासमूहांत हजाराच्याही पुढे जाते. म्हणून अतिदूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ती जवळपास सोडून देता येते, शेजारच्यांच्या बाबतीत तीच वरचढ ठरते.

देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. निव्वळ प्रसरण असते तर ती सेकंदाला पन्नासेक किमी वेगाने दूर गेली असती. पण अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये तिचा वर्णपट घेतला, तेव्हा ती सुमारे ३०० किमी वेगाने जवळ येताना दिसली. यातला मोठा वाटा सूर्याच्या आकाशगंगेच्या केंद्राभोवतीच्या फेरीचा आहे. तो वजा केला तरी सुमारे ११० किमी उरतातच. देवयानी आणि आपली आकाशगंगा या दोघींची टक्कर अटळ असल्याचे बरीच वर्षे छातीठोकपणे सांगितले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या दहा अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे.

कन्या या दीर्घिकासमूहातली एम ८६ ही दीर्घिका याहून चमत्कारिक. समूह पाच कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवर असून एकूण हजारेक किमी वेगाने दूर जातो आहे. ही दीर्घिका मात्र २४४ किमी वेगाने आपल्याकडे येते. म्हणजे समूहाच्या ओढीने ती आतल्या आत हजार किमीहून जास्त वेगाने धावते आहे.

आपणही स्थिर नाही. महास्फोटानंतर उरलेले सूक्ष्मतरंगी प्रारण सिंह राशीच्या दिशेला किंचित उष्ण, विरुद्ध दिशेला तितकेच थंड भासते. आपण ज्या दिशेने जातो तिकडचे प्रारण उष्ण भासते. फरक अंशाच्या काही सहस्रांशांचाच, पण त्यावरून या प्रारणाच्या तुलनेत सूर्याचा वेग सेकंदाला ३७० किमी निघतो. सूर्याची आकाशगंगेतली गती हिशेबात घेतली की आकाशगंगा आणि देवयानी ज्यात आहेत तो स्थानिक समूह ६०० किमीहून अधिक वेगाने वासुकी आणि नरतुरंग या तारकासमूहांच्या दिशेने जात असल्याचे दिसते. त्या बाजूला आकाशगंगेतलीच धूळ आड येत असल्याने ओढणारे वस्तुमान नेमके किती, हे मोजणे किचकट झाले आहे.

दोन गती वेगळ्या करायच्या तर दीर्घिकेचे अंतर वर्णपटाला न विचारता काढावे लागते : सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे) किंवा ‘१ए’ प्रकारचे अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) यांच्या तेजस्वितेवरून. अंतरावरून प्रसरणाचा वेग काढून तो मोजलेल्या वेगातून वजा करायचा. दहा कोटी प्रकाशवर्षांवर अंतरात १० टक्के चूक झाली, तरी उत्तरात सुमारे २०० किमीचा घोळ होतो. म्हणजे जवळजवळ स्वगतीएवढाच. त्यामुळे एकेका दीर्घिकेपेक्षा हजारो दीर्घिकांच्या सरासरीवर अधिक भरवसा ठेवतात.