मोजिबाके

मोजिबाके : एका अक्षरसंकेतन पद्धतीने (अक्षरे अंकांच्या रूपात साठवण्याच्या रीतीने) साठवलेला मजकूर दुसऱ्या पद्धतीने वाचला गेल्यास पडद्यावर उमटणारी निरर्थक चिन्हे. संज्ञा जपानी आहे. वेबपृष्ठ, डेटाबेस, ई-मेल, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेली तक्त्याची फाइल) यांपैकी कोठेही हा दोष उद्‌भवतो.

फाइलमध्ये प्रत्यक्षात बाइट (० ते २५५ मधील संख्या) साठवलेले असतात. त्यांचा अर्थ संकेतनावर ठरतो. युनिकोड या जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ असून यूटीएफ-८ मध्ये (या क्रमांकांचे बाइटांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीत) ते २२४, १६४, १४९ या तीन बाइटांनी लिहिले जाते. हेच बाइट विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे एकबाइटी संकेतन) नुसार वाचले, तर स्वरचिन्हांकित रोमन ‘ए’ (à), चलनाचे सर्वसाधारण चिन्ह (¤) आणि ठळक टिंब (•) दिसते. देवनागरीच्या मुख्य विभागातील (क्रमांक २३०४ ते २४३१) प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. त्यामुळे बिघडलेल्या मराठी मजकुरात तोच ‘ए’ पुनःपुन्हा येतो व त्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह असते.

यूटीएफ-८ च्या उगमाविषयी दोन कथने आढळतात. एकानुसार तिची आखणी आयबीएम या संगणक कंपनीने केली आणि ‘प्लॅन ९’ या संचालन प्रणालीत ती फक्त अमलात आली. प्लॅन ९ च्या निर्मात्यांपैकी एक असलेले रॉब पाइक यांनी २००३ मध्ये याचे खंडन केले. त्यांच्या मते सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात त्यांचे सहकारी केन टॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर ही मांडणी केली व काही दिवसांतच प्लॅन ९ तिच्यावर चालू लागली. त्या काळातील ई-मेल उपलब्ध असल्याने हे कथन अधिक ग्राह्य वाटते. मात्र एक्स/ओपन या संगणक मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या समितीपुढे तत्पूर्वीच एफएसएस-यूटीएफ हा अशाच संकेतनाचा मसुदा होता, हे विसरता येत नाही. टॉम्पसन यांच्या मांडणीतील महत्त्वाची भर अशी की, कोणताही बाइट पाहून तो अक्षराच्या आरंभीचा आहे की पुढचा हे कळते. पुढचे बाइट नेहमी १२८ ते १९१ या मर्यादेत असतात. मूळ मांडणीतील सहा बाइटांची कमाल मर्यादा २००३ मध्ये चारवर आणली गेली.

दुरुस्तीपूर्वी बिघाडाचे रूप नीट पाहणे अत्यावश्यक आहे. स्वरचिन्हांकित रोमन अक्षरे दिसत असतील, तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि केवळ वाचनाची पद्धत बदलावी लागते. तसे न करता चुकीचे वाचन पुन्हा यूटीएफ-८ म्हणून साठवल्यास दुहेरी संकेतन होते : आयएसओ-८८५९-१ (विंडोज-१२५२ सारखेच एकबाइटी संकेतन) मार्गे ‘क’ चे तीन बाइट सहा होतात. ही क्रिया उलटवता येते. सरळ प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मजकूर नष्ट झालेला असतो व जुन्या प्रतीवाचून उपाय नसतो. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह (क्रमांक ६५५३३) अवैध बाइट दर्शवते. ते केवळ पडद्यावर असेल तर मूळ फाइल वाचवता येते. घाईने डेटाबेसचे संकेतन बदलून पाहणे यासाठीच धोक्याचे ठरते.

संकेतन ओळखताना ब्राउझर फाइलच्या आरंभीचा बीओएम (संकेतन दर्शवणारे अदृश्य चिन्ह), मग एचटीटीपी शीर्षातील (सर्व्हर पृष्ठाआधी पाठवत असलेल्या माहितीतील) घोषणा, त्यानंतर पृष्ठातील मेटा टॅग (पृष्ठाच्या कोडमधील संकेतनाची नोंद) असा अग्रक्रम पाळतो. मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांत असावा लागतो. सर्व्हरची घोषणा चुकीची असल्यास योग्य मेटा टॅगही निष्फळ होतो. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) फाइलमधील बीओएममुळे मात्र ‘शीर्ष आधीच पाठवले गेले’ अशी त्रुटी येऊ शकते.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील ‘यूटीएफ८’ हा अक्षरसंच दीर्घकाळ तीन बाइटांपुरताच होता. मराठी त्यात बसते, चार बाइटांची इमोजी बसत नाही. शिथिल पद्धतीत (चूक आढळली तरी नोंद न नाकारणाऱ्या रचनेत) इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. त्यासाठी ५.५.३ आवृत्तीपासून ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच आहे. मजकूर बाइट मोजून तोडणेही घातक ठरते : ‘क्षि’ हे एक अक्षर चार युनिकोड चिन्हांचे व बारा बाइटांचे असते.