शिवणारे दोघे : शिंपी आणि राखी वटवट्या

पानाला शिवण दिसली की आपण बेधडक सांगतो, ‘हे शिंप्याचं घरटं.’ मीही कित्येक वर्षं हेच सांगत आले. पण आपल्या कुंपणात शिवणकाम जाणणारा आणखी एक पक्षी आहे, राखी वटवट्या. दोघे एकाच कुळातले, चिमणीहून लहान, शेपटी उभारून झुडपाच्या पोटात लपणारे.

रंग नीट पाहिला तर घोटाळा होत नाही. शिंप्याची पाठ हिरवट, माथा तांबूस, पोट पांढुरकं. वटवट्या वरून राखाडी, खालून फिकट तांबूस, आणि डोळा नारिंगी-लाल. शिंपी ‘टुवीट-टुवीट’ असा घोष लावतो तेव्हा त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग उमटतात. एरवी ते पिसांखाली झाकलेले असतात.

खरी गंमत शिवणीत आहे. शिंप्याची मादी मोठं, जिवंत पान निवडते, त्याच्या कडांना चोचीने बारीक भोकं पाडते आणि कोळ्याचं जाळं, कापूस, झाडाचे तंतू त्यांतून ओवते. भोकं इतकी लहान, की पान हिरवंच राहतं. सलग धावदोरा मात्र ती घालत नाही. प्रत्येक टाका सुटा असतो; ओवलेल्या तंतूचं टोक बाहेर पिंजून फुलतं आणि त्यामुळे तो मागे निसटत नाही. कातडं जोडताना ठोकलेल्या रिबिटासारखं हे काम. अशा पानाच्या द्रोणात कापसाची गादी पडते.

वटवट्याही खाली झुडपात पानं टाचून घरटं करतो, पण तेवढ्यावरच अडून राहत नाही. कधी गवताची थैलीही विणतो. अंडी मात्र अगदी वेगळी. शिंप्याची फिकट, ठिपकेदार. वटवट्याची तुळतुळीत, विटकरी. (ती पाहायला पानं फाकवू नका. टाके उसवले की घरटं गेलं.)

या वटवट्याला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच दख्खनमुळे. कर्नल साइक्स यांनी इथल्या पक्ष्यांची यादी केली, तीत 1832 साली त्याचं ‘प्रिनिया सोशिॲलिस’ म्हणून वर्णन आलं. शिंप्याचं ‘सुटोरियस’ हे नाव मात्र लॅटिनमधल्या चांभारावरून पडलं आहे. रिबिटाचे टाके पाहिल्यावर मला तेच जास्त पटतं.

पावसाळ्यात दोघांचीही लगबग चालते. झुडपातून झुडपात भुर्रकन जाताना विजेची ठिणगी उडावी तसा ‘तट्-तट्’ आवाज आला, तर तो वटवट्या.