लिव्हरच्या गाठीला आतून दिलेला लाइट

आपल्याकडे कॅन्सरच्या पेशंटला "लाइट दिला" म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मोठं मशीन, त्याखाली झोपवलेला माणूस आणि बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक. लिव्हरच्या बाबतीत हे इतकं सरळ चालत नाही, कारण लिव्हर स्वतःच रेडिएशनला नाजूक, अख्ख्या लिव्हरला साधारण ३० ग्रेच्या (रेडिएशन मोजायचं एकक) वर डोस गेला की ते बिघडायला लागतं आणि गाठ मारायला तर त्याच्या कितीतरी पट लागतो. त्यात ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांच्यापैकी बहुतेकांचं लिव्हर हिपॅटायटिस, दारू नाहीतर फॅटी लिव्हरपायी आधीच सिरॉसिस होऊन थकलेलं असतं, त्यामुळे कापाकापी पण अवघडच. (बाहेरून अगदी नेमका मारा करणारं एसबीआरटी आता आलंय, छोट्या गाठींना चालतं, पण तो वेगळा विषय.)

मग रेडिएशन आतूनच द्यायचं. याला डॉक्टर लोक टेअर म्हणतात, काही ठिकाणी सर्ट, आणि पेशंटच्या घरच्यांत "वाय नाइन्टी केलं" असं चालतं.

हे जमतं ते लिव्हरच्या रक्तपुरवठ्यामुळे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं: साधारण ७५ टक्के आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून, आणि उरलेलं हेपॅटिक आर्टरीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः पहिल्या वाटेवर जगतं. गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतूनच ओढते. म्हणजे आर्टरीत काही सोडलं तर ते आपोआप गाठीकडेच जास्त जाणार. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालायची, ती थेट गाठीच्या फांदीपर्यंत न्यायची आणि तिथे किरणोत्सर्गी मणी सोडायचे. भूल लोकलच, पेशंट बहुतेक वेळा जागाच असतो.

आता हे मणी. मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो, कारण हे काम डॉक्टरचं नाही, काच बनवणाऱ्यांचं आहे. यिट्रियम-९० (वरचं "वाय नाइन्टी" ते हेच, एक किरणोत्सर्गी धातू) शरीरात सोडायचे प्रयोग १९६० च्या दशकातच झाले होते, पण सुरुवातीच्या काही मण्यांतून यिट्रियम गळायचं आणि सुटं यिट्रियम हाडात जाऊन बसतं, तिथला मगज मारतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिझुरीला डेल्बर्ट डे नावाच्या सिरॅमिक्सच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसोबत ते काचेतच वितळवून टाकलं. निसर्गात मिळणारं यिट्रियम सगळंच यिट्रियम-८९, अजिबात किरणोत्सर्गी नाही, त्यामुळे मणी निवांत बनवा, चाळून २० ते ३० मायक्रॉनचेच ठेवा (केसापेक्षा बारीक) आणि शेवटी रिअॅक्टरमध्ये ठेवा, न्यूट्रॉन लागून ते यिट्रियम-९० होतं. काच फुटत नाही, गळत नाही. याच मण्यांना टेरास्फिअर म्हणतात, अमेरिकेत १९९९ ला मर्यादित परवानगी मिळाली आणि पूर्ण परवानगी २०२१ ला. आपल्याकडे बीएआरसीने असेच काचेचे मणी केलेत, नाव भाभास्फिअर, आणि मुंबईत टाटा मेमोरियलला ते पेशंटना दिलेही गेलेत. बाहेरून मागवलेल्या मालाचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे ही बातमी खरं तर जास्त गाजायला हवी होती.

यिट्रियम-९० मधून बीटा किरण निघतात, शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर, जास्तीत जास्त ११ मिलिमीटर जातात, बस. अर्धायुष्य ६४ तास, म्हणजे ११ दिवसांत ९० टक्क्यांच्या वर डोस देऊन झालेला असतो, मग उरतं साधं झिर्कोनियम आणि काच, ती आयुष्यभर आतच राहते. बाटली ज्या बॉक्समधून देतात तो शिशाचा नाही, अॅक्रिलिकचा असतो, कारण बीटा किरण जड धातूवर आपटले की उलटे एक्स-रे तयार होतात. मणी आत जायला काही मिनिटंच लागतात. नंतर मात्र ग्लोव्ह्ज, नळ्या, चादरी सगळं मोजून वेगळ्या डब्यात आणि खोलीतून निघणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांच्या तळव्यांवरसुद्धा मीटर फिरवतात.

पण खरं काम होतं ते याच्या आधी एक-दोन आठवडे, मॅपिंगच्या दिवशी. घरच्यांना ते "नुसती टेस्ट" वाटतं आणि दोनदा अँजिओ कशाला म्हणून चिडचिड होते. त्या दिवशी मण्यांसारखेच वागणारे, टेक्नेशियम (कॅमेऱ्यात दिसणारा किरणोत्सर्गी पदार्थ) लावलेले प्रोटीनचे कण सोडून बघतात की किती कण गाठीतल्या आडवाटांनी निसटून फुप्फुसात जातात. जास्त जात असतील तर बेत रद्दसुद्धा होतो, नाहीतर फुप्फुस भाजेल. जठराकडे जाणारी फांदी धोक्याची वाटली तर कॉइल घालून बंद करतात, कारण मणी तिकडे गेले तर जो अल्सर होतो तो लवकर भरत नाही.

डोसाचं गणितही इथेच ठरतं, आणि त्याने केवढा फरक पडतो बघा. फ्रान्समधल्या सारा नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल २०१७ ला आले, पुढच्या टप्प्यावरच्या पेशंटमध्ये सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळ्यांपेक्षा आयुष्य वाढलं नाही (मण्यांनी ८ महिने, गोळ्यांनी ९.९), साइड इफेक्ट्स तेवढे कमी होते. लोक म्हणाले संपलं. मग २०२१ ला तिथूनच डोसिस्फिअर आली: फक्त ६० पेशंट, अर्ध्यांना ठरलेला डोस आणि अर्ध्यांना गाठ मोजून तिला किमान २०५ ग्रे मिळेल असा. निम्मे पेशंट जेवढा काळ जगले तो १०.७ महिन्यांवरून २६.६ वर गेला. ६० म्हणजे छोटाच आकडा, मी त्यावर घर बांधणार नाही, पण मणी तेच ठेवून नुसत्या हिशोबाने एवढं होत असेल तर हॉस्पिटल निवडताना "किती ग्रे देणार, आणि कशावरून?" हे विचारायलाच पाहिजे.

सगळ्यांना हे जमत नाही. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) दोनच्या वर, पोटात पाणी, असं असेल तर डॉक्टर सहसा नाहीच म्हणतात. उलट पोर्टल व्हेनमध्ये गाठ शिरली असेल तर केमोएम्बोलायझेशनला (औषध सोडून गाठीची आर्टरीच बंद करतात ते) बिचकतात तिथे हे देता येतं, कारण मणी मोठी आर्टरी बंद करत नाहीत.

घरी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. थकवा मात्र दोन-तीन आठवडे राहू शकतो, बारीक ताप, भूक नाही. आणि पहिल्या सीटीत गाठ तेवढीच दिसली म्हणून लगेच हाय खाऊ नका, आकार कमी व्हायला काही महिने जातात, रिपोर्टमध्ये आधी हे बघा की गाठ आता कॉन्ट्रास्ट (सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेते का.