पायवाट आधी, फरशी नंतर

हिरवळीच्या चौकोनाला वळसा घालणारा काँक्रीटचा रस्ता आणि तीच हिरवळ तिरकी कापत गेलेली मातीची पायवाट. 'गवतावर चालू नये' ही पाटी बहुधा त्या पायवाटेच्या तोंडाशीच! विद्यापीठांच्या आवारात हे दृश्य नवं नाही. चौकोनाच्या बाजू ३० आणि ४० मीटर असतील, तर कडेने ७० मीटर पडतात, मधून ५०. तासाला उशीर झालेला विद्यार्थी पायथागोरस न आठवताही कर्णच धरतो.

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठाच्या आवारात अशा पायवाटांचं जाळंच उमटलं होतं. डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्याचं गणित मांडलं. नियम साधे: पाऊल पडलं की गवत दबतं, मळलेल्या वाटेवर चालणं सोपं, म्हणून पुढचाही तिकडेच ओढला जातो, वर्दळ थांबली की गवत पुन्हा वाढतं. एवढ्यावर संगणकात खऱ्यासारख्याच वाटा उमटल्या. त्यात प्रत्येक जण नाकासमोर जात नाही. दोन वाटा हळूच एकमेकींत मिसळतात. थोडा वळसा पडतो, पण मळलेली वाट मिळते. ही तडजोड कुणीही आखलेली नसते. म्हणूनच नव्या आवारात पहिल्याच दिवशी सगळीकडे फरशी घालण्याची घाई मला पटत नाही. वर्षभर पावलांना आखू द्यावं.

माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. दोन व्याख्यानांच्या मधे दहा मिनिटं मिळत असतील, तर ८०० मीटर ही झाली कमाल. जिने त्यातूनच वजा. पण उन्हात तेवढंही नकोसं होतं. झाड ऊन अडवतं आणि पानांतून बाष्प सोडून हवाही थोडी गार करतं. शोभेच्या ताडांकडून मात्र फार सावलीची अपेक्षा नको. डेरेदार स्थानिक झाडांची सलग रांग हवी, पक्ष्यांनाही तोच रस्ता. खाली पाणी मुरू देणारी फरसबंदी असली, की पाऊस मुळांपर्यंत पोहोचतो.

राहिली कुंपणाची भिंत. फाटकं दोनच असली, की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला हाकेच्या अंतरावरचं ग्रंथालयही लांबचं होतं. बेल्जियममध्ये १९७१ साली पायाभरणी झालेल्या लुवँ-ला-नव्हमध्ये विद्यापीठ आणि गाव एकत्रच वसवले. मध्यभागी मोटारी आणि रेल्वे स्थानक काँक्रीटच्या छताखाली, वर पायी चालणाऱ्यांचं राज्य. पावसाचं पाणी गावच्या तळ्यात. दुकानं, घरं आणि व्याख्यानगृहं एकाच गल्लीत भेटतात. विद्यापीठ कुठे सुरू झालं, हे सांगणारं फाटक तिथे नाही.